सुट्या पानांची पोथी

माझी थोरली बहीण मंडणगडकडच्या एका खेड्यात दिलेली होती. ती बाळंतपणात गेली आणि मागे तीन मुलगे राहिले. त्यातला मधला मी मागून घेतला. मागून घेतला म्हणजे खरोखरच पदर पसरला. लग्नाला अकरा वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, आणि नवससायास करून मी इतकी विटले होते की नुसता देवाचा अंगारा दिसला तरी मला राग येई. मेहुणे भला माणूस. म्हणाले, "न्या. पण पोराला करमलं न्हाय तर परत आणून सोडा, तसाच ठेवू नका." मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. बाणकोटला आम्ही आगबोटीत बसलो. रत्नागिरीच्या बंदरात किनाऱ्याला नेणाऱ्या पडावातून उतरेपर्यंत तो एकदाही रडला नाही. फक्त बोटीचा भोंगा वाजला की माझा हात घट्ट धरायचा.

आमचे हे बंदरावर बोटीच्या कचेरीत कारकून होते. घर बंदराकडच्या आळीत, भाड्याचं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. मूळ घर मिरजोळ्याला. तिथे थोरले दीर राहत, आणि त्यांची मान हलल्याशिवाय घरातल्या कुठल्याही गोष्टीला मुहूर्त लागत नसे. मुलगा आणला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही, पण होही म्हटलं नाही. "राहू दे. दत्तकाचं मागाहून बघू," एवढंच बोलले. चार लोकांसमोर देणंघेणं होऊन दत्तक होईपर्यंत मुलगा आमच्या घरी पाहुणा. त्याचा बाप कधीही येऊन त्याला नेऊ शकत होता, आणि दीर कधीही त्याला धाडून द्या म्हणू शकत होते. हे माझ्या मनातून एक दिवसही गेलं नाही.

दिरांची अट पुढे कळली. आमच्या घरात श्रावण महिनाभर पोथी लागते, आणि ती घरातल्या पुरुषाने वाचायची असा रिवाज. आमचे हे घशाने अधू, दहा ओळी वाचल्या की खोकल्याची उबळ. दिरांचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत. पावसाळ्यात आगबोटी बंद, आणि घाटावरून वळसा घालून यायचं तर रजा वाटेतच संपायची. म्हणजे ऐन श्रावणात घरात वाचणारे एकटे दीर, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला. ते म्हणाले, "ज्याला दत्तक घ्यायचा त्याला पोथी वाचता आली पायजे. माझ्यामागं देवापुढं बसणार कोण?" हे ते मला म्हणाले नाहीत. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नसे, म्हणून ते पडवीच्या खांबाकडे बघून बोलत आणि मी दाराआडून ऐकत असे. लग्न झाल्यापासून त्यांनी मला जे जे सुनावलं ते सगळं त्या खांबाने आधी ऐकलेलं आहे. ही अट मला मुळीच अवघड वाटली नाही. सात वर्षांचं पोर, दोन वर्षांत घडाघडा वाचील, असं मी धरून चालले.

तिथेच माझं चुकलं. मुलाला वाचायला येईना.

तो मंद नव्हता, हे मी आईच्या मायेने सांगत नाही. भोंग्याच्या आवाजावरून कुठली बोट आली ते तो घरात बसून सांगे. एकदा आम्ही भाट्याला तरीतून खाडी ओलांडून गेलो. तरवाल्याने बोलता बोलता ह्यांना आठ दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या, आणि हे त्या घरी येईपर्यंत विसरले. मुलाने जेवताना जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. पाढे, श्लोक, आरत्या त्याला एकदा ऐकून येत. पण पाटीवर अक्षर काढलं की डोळ्यांवर झापड आल्यासारखा बघत राही. घ आणि ध त्याला एकच. भ आणि म सख्खे भाऊ. आज शिकलेला थ उद्या सकाळी ओळख देत नसे. मास्तर म्हणाले, "बाई, डोकं चांगलं आहे त्याचं, पण ते पुस्तकात शिरत नाही." शाळेतली पोरं त्याला ढ म्हणत. छड्या खाऊन तो घरी येई आणि हात माठाला लावून गार करत बसे.

माझा स्वभाव मुळात तापट. शिजायला वेळ लागणारी डाळसुद्धा मला चालत नाही. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी त्याला पडवीत घेऊन बसे आणि रोज माझा आवाज चढे. एकदा त्याने एकाच ओळीत तीनदा भ ला म म्हटलं. मी त्याच्या हातातली पाटी हिसकावली आणि अंगणात भिरकावली. पाटीचे तीन तुकडे झाले. तो उठला, तिन्ही तुकडे वेचून आणले, त्यातला मोठा मांडीवर ठेवला आणि त्यावर भ काढला. बरोबर काढला होता की चूक ते मी बघितलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा कोणी पालथा घातला ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मी स्वतः मराठी तिसरी शिकलेली. तेवढ्या शिदोरीवर आळीतल्या बायकांना मुंबईहून आलेली पत्रं वाचून देत असे. नवरा गोदीत, मुलगा गिरणीत, आणि घरात कोणाला अक्षर येत नाही अशी घरं पुष्कळ. बाई पत्र घेऊन आली की मुलगा माझ्याजवळ येऊन बसे. मला वाटे त्याला गोष्टी ऐकायच्या असतात. पण तो कागदाकडे बघतच नसे, माझ्या तोंडाकडे बघे. माणूस वाचतो कसा, ओळ संपली की डोळे कुठे जातात, बोट केव्हा सरकतं, पान केव्हा उलटतं, हे तो शिकत होता.

हे मला उशिरा कळलं. पुढच्या वर्षी एक दिवस त्याने अख्खं क्रमिक पुस्तक मला वाचून दाखवलं. बोट ओळीवरून फिरत होतं, पान वेळेवर उलटत होतं. माझ्या मनात हर्ष मावेना. मी ह्यांना हाक मारली, गूळ आणला. ह्यांनी पुस्तक हातात घेतलं, भलतंच पान काढलं आणि म्हणाले, "हे वाच." मुलाने पानावर बोट ठेवलं आणि पहिला धडा सुरू केला.

ह्यांनी पुस्तक मिटलं. रागावले नाहीत, ते रागवायचेच नाहीत, तेही काम माझ्याकडे होतं. मी मात्र त्या दिवशी रागावले नाही, कारण माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळला. श्रावण दोन महिन्यांवर आला होता. दिरांनी निरोप धाडला होता की यंदा पोराला पोथीला बसवा, बघू काय शिकलाय. वाचता येत नाही तर नाही, पाठ तर करता येतं! पोथीचा पहिला अध्याय म्हणजे अशी किती पानं? मिरजोळ्याला जाऊन मी पोथी मागून आणली. दिरांना वाटलं, भावजय मुलाकडून सराव करून घेते.

तशी मी घेतच होते. मी ओवी म्हणे, तो मागून म्हणे. तीन दिवसांत अध्याय पाठ झाला. मग मी त्याला पानं शिकवली. पोथी सुट्या पानांची असते, शिवलेली नसते. एक पान वाचून झालं की ते उचलून पलीकडे पालथं ठेवायचं. कुठल्या शब्दाला पान उचलायचं तेही मी त्याच्याकडून घोकून घेतलं. एका पानावर रथाचं चित्र होतं. "रथात बसला की पान उचल," मी सांगितलं. ह्यांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी मोडता घातला असता.

श्रावणात आमच्याकडे काय काय ओलं होत नाही ते विचारावं. मीठ वितळतं, कपड्यांना वास येतो, पोथीच्या पानांवर बुरशी धरते. मिरजोळ्याला निघायच्या आदल्या दिवशी मी निखाऱ्यांवर टोपली पालथी घातली आणि पोथीची पानं, धुणं वाळवावं तशी, तिच्यावर पसरून वाळवली. पानांचे आकडे कोपऱ्यात असतात, पण कोपरे कसरीने खाल्लेले. मी घाईघाईने पानं लावली आणि फडक्यात बांधली. दोन पानं मागंपुढं झाली ते मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजोळ्याच्या माजघरात मुलगा पाटावर बसला. नवी टोपी, कपाळाला गंध. समोर दीर, बाजूला हे, भावकीतली पाच-सात माणसं आणि दाराआड आम्ही बायका. त्याने सुरुवात केली. आवाज खणखणीत, बोट ओळीवर. दिरांनी समाधानाने डोळे मिटले होते. मी दाराला टेकून उभी होते आणि माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

त्याने एक पान उचलून पलीकडे ठेवलं, आणि रथाचं चित्र वर आलं. रथ यायला अजून एक पान होतं.

त्याने ते पाहिलं. मला दारातून त्याचा चेहरा दिसत होता. डोळे तिथल्या तिथे थिजले, पण तोंड चालू राहिलं, कारण तोंडाला थांबायला मी शिकवलंच नव्हतं. नेमके तेव्हाच दिरांनी डोळे उघडले. अक्षरं त्यांना दिसत नव्हती, पण वीतभर लांबीचा काळा रथ दिसत होता.

"थांब," ते म्हणाले. "राजा अजून घरात हाय. रथ कुटं हाय?"

"पुढल्या पानात," मुलगा म्हणाला.

"मग ह्या तुझ्या हाताखाली काय हाय?"

भावकीतलं कोणी तरी फिसकन हसलं. मुलगा खाली बघत होता. दिरांनी विचारलं, "तुला हे पाठ कुणी करून दिलं?" मी पुढे व्हायला हवं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तर तो मारुती मीच केला हे सांगायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत. सांगितलं की दत्तक गेलं, एवढंच मला दिसत होतं.

"मीच केलं," मुलगा म्हणाला. "मावशी वाचायची, मी ऐकून ठेवलं. तिला ठाऊक न्हाय."

मी तेव्हाही गप्प राहिले. नऊ वर्षांच्या पोराने माझी चूक डोक्यावर घेतली आणि मी घेऊ दिली. परत येताना घाटीच्या उतरणीला तो माझ्या बाजूने चालत होता. हे छत्री घेऊन पुढे होते. मी विचारलं, "असं का रे सांगितलंस?" तो म्हणाला, "मला काय, रोजच ओरडतात. तुला ओरडले असते." आणि चिखल चुकवत पुढे पळाला.

दिरांनी त्याच आठवड्यात ह्यांच्याकडून मंडणगडला पत्र घालून घेतलं. मुलगा शिक्षणात मंद आहे, दत्तकाचा विचार तूर्त होत नाही, असं कळवलं. पावसाळ्यात टपाल डोंगरातून फिरून येई. उत्तर आलं तेव्हा भाद्रपद लागला होता. शिपायाने पत्र मुलाच्याच हातात दिलं. तो माझ्याकडे घेऊन आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "आमच्या आप्पांचं असेल. वाच मावशे."

मी वाचायला लागले. भात चांगलं आलंय, गाय व्यायलीय, आजीचे गुडघे दुखतात. आणि मग पुढची ओळ दिसली. ती मला आजही तोंडपाठ आहे. मेहुण्यांनी लिहिलं होतं, "मुलास वाचावयास येत नाही म्हणून तुम्हास जड होत असेल तर बोटी सुरू होताच पाठवून द्यावा. वाचो न वाचो, तो आमचाच आहे. गुरे राखील. आजी त्याची वाट पाहते."

मी ती ओळ गिळली. खाली "कळावे, लोभ असावा" होतं, ते वाचलं आणि पत्राची घडी घातली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

तो थोडा वेळ त्या घडीकडे बघत राहिला, मग उठून गेला. संध्याकाळी ह्यांनी पत्र वाचलं. म्हणाले, "हे त्याला सांगायला हवं." मी म्हटलं, "सांगा. मी मेल्यावर सांगा." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पत्र मला परत दिलं. मी ते माझ्या लाकडी पेटीत, बाकीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात घातलं. फाडून टाकायचा विचार आला नाही असं नाही. बहिणीच्या घरचा कागद, हात धजला नाही.

मला सर्वांत झोंबलं ते हे की "वाचो न वाचो, तो आमचाच आहे" असं म्हणायचं मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. ते त्या शेतकरी माणसाला एका ओळीत लिहिता आलं. त्या दिवसापासून मी मुलावर ओरडायचं सोडलं. अगदी सोडलं म्हणणं खोटं होईल, निम्म्यावर आणलं.

दीर मात्र अटीवरून हटले नाहीत. पाठवून द्या असंही म्हणाले नाहीत. "पोथी वाचील त्या दिवशी बघू," एवढंच खांबाला सांगून ठेवलं.

शिकवायचं काम मग ह्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. चैत्रात आंब्याच्या पेट्या मुंबईला जायला लागल्या की बंदरावर पाय ठेवायला जागा नसे. प्रत्येक बागवाल्याचा मार्का वेगळा. पत्र्यात अक्षरं कोरलेली असत. तो पत्रा पेटीवर धरून काळ्या शाईचा बोळा फिरवला की मार्का उठे, एक किंवा दोन अक्षरं, वीतवीत उंचीची. शाळेला सुट्टी लागली तसे हे मुलाला बंदरावर नेऊ लागले. काम एकच, पेटी पडावात चढताना मार्का ओरडून सांगायचा. पहिले दोन दिवस त्याने बागवाल्यांच्या चेहऱ्यांवरून सांगितला, लबाड. मग ह्यांनी त्याला अशा जागी उभा केला की तिथून फक्त पेट्या दिसाव्यात. तो पेटीजवळ जाई, ओल्या शाईवरून बोट फिरवी, आणि मग ओरडे. घरी येई तेव्हा दहाही बोटं काळी असत आणि माझ्या भिंतीही. अक्षर मोठं असलं आणि एकटं असलं की ते त्याच्याशी भांडत नसे. त्या आंब्याच्या हंगामात त्याला अकरा अक्षरं आली, ती कायमची. मी मोजली होती.

पुस्तकात अक्षरं दाटीवाटीने उभी असत, तिथे तो पुन्हा गडबडे. ह्यांनी जुन्या पंचांगाच्या पुठ्ठ्याला चाकूने एक खिडकी पाडली, एका शब्दापुरती. तो पुठ्ठा ओळीवर ठेवायचा आणि शब्द शब्द सरकवायचा. बाकीचं पान झाकलेलं. शाळेत मास्तरांनी आधी हे थेर म्हणून हसण्यावारी नेलं, पण पुठ्ठा काढून घेतला नाही, त्याबद्दल मी त्यांना दरवर्षी दसऱ्याला नारळ देत असे. बाराखडीला एक वर्ष गेलं. जोडाक्षरांना दुसरं. त्याच्या मागून आलेली पोरं त्याच्या पुढे निघून गेली. मिसरूड फुटायची वेळ आली तरी हा लहान पोरांच्या ओळीत मांडी घालून बसे. मला वाईट वाटे, पण त्याने एक दिवस शाळा बुडवली नाही. ताप अंगात असला तरी पुठ्ठा घेऊन निघे. एवढा हट्ट त्याने कुठून आणला हे मला समजत नसे. मला वाटे, दत्तकासाठी.

तो तेरा वर्षांचा झाला त्या श्रावणात तो आपणहून म्हणाला, "मिरजोळ्याला जाऊया." दिरांना आता माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू येत नसे. मुलगा पाटावर बसला. त्याने फडकं सोडलं, पोथीची पानं हातात घेतली आणि सगळ्यांसमोर, गवताची पेंढी सोडावी तशी, पाटावर विसकटून टाकली. म्हणाला, "दादा, ह्यातलं कुठलं पन पान काढा."

दिरांनी चाचपडत एक पान उचलून दिलं. मुलाने खिशातून पुठ्ठा काढला, तो आता कडांना झिजून मऊ झाला होता, आणि वाचायला सुरुवात केली. एका ओवीला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझी कणीक मळून झाली असती. एका शब्दाला अडला, मागे गेला, पुन्हा आला. दोन ठिकाणी चुकला आणि स्वतःच सुधारलं. कोणी हसलं नाही. पान संपलं तेव्हा त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं.

दिरांनी ते पान चाचपून बाकीच्या पानांवर ठेवलं. मग पडवीतल्या खांबाकडे तोंड करून म्हणाले, "चालेल. सावकाश वाचतो ते बरं. अर्थ तरी लागतो." आणि पुढे, "बोटी सुरू झाल्या की मंडणगडला लिहा. बापाला बोलवा. देणंघेणं करून टाकू."

घरी आल्यावर दोन दिवसांनी, दुपारी, मी फणसाच्या आठळा सोलत बसले होते. मुलगा म्हणाला, "आप्पांना पत्र मी लिहितो. मावशे, त्यांची जुनी पत्रं दे. मायना कसा घालतात ते बघतो."

मी पेटीपाशी गेले. गठ्ठा सुतळीने बांधलेला होता आणि मला हवं ते पत्र डोळे मिटून काढता आलं असतं. ते काढून पदराखाली घालायला क्षणही लागला नसता. मी सुतळी सोडलीसुद्धा. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि हे कोंबडं मी चार वर्षं झाकून ठेवलं होतं. सहा वर्षं आम्ही सगळे ह्या पोराच्या मागे लागलो होतो की वाच, वाच. आता त्याला वाचता येत होतं, तर मी कागद लपवणार? मी सगळा गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि पुन्हा आठळा घेऊन बसले. सोलली मात्र एकही नाही.

तो एकेक पत्र वाचत गेला, पुठ्ठा सरकवत, ओठ हलवत. ते पत्र आलं तेव्हा मी कागदाच्या डागावरून ओळखलं. भात, गाय, आजीचे गुडघे. मग पुठ्ठा थांबला. तो ओळ दोनदा वाचत होता. मला वाटलं, आता उठेल आणि ट्रंक भरायला घेईल.

"हे तू तेव्हा वाचलं न्हवतंस," तो म्हणाला.

"नाही."

"मला ठाऊक होतं. तुझे डोळे दोन ओळी खाली गेले आन तोंड गप होतं." त्याने कागद मांडीवर ठेवला. "मला वाटलं, आप्पांनी लिहिलंय, हा आमाला नको. म्हनून तू वाचलं न्हाईस. म्हटलं, आपल्याला वाचता यायला पायजे. मग बघू काय लिहिलंय ते."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. चार वर्षं हे पोर बापाला आपण नको आहोत असं समजून वावरत होतं, आणि ते माझ्यामुळे. मी काही लपवलं नाही. म्हटलं, "मला भीती वाटली रे. वाटलं, वाचलं तर तू जाशील."

त्याने विचार केला. तो प्रत्येक गोष्टीचा असाच सावकाश विचार करे. "गेलो असतो," तो म्हणाला. "तेव्हा गेलो असतो."

मग त्याने दौत-टाक मागितला. पत्र लिहायला त्याला चांगला तासभर लागला. मी विचारलं नाही काय लिहितोस. हे कचेरीतून आले, चहा घेऊन पडवीत बसले, तेव्हा त्याने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काकांना वाचून दाखव. चुका असतील तर सांग." मी मोठ्याने वाचायला लागले.

"तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. ते वाचायला मला उशीर झाला. गुरे राखायला मला आवडले असते. पण आता मी इथेच राहीन. बोट सुरू झाली की तुम्ही यावे. आजीला आणावे."

उशीर माझा होता. त्याने तो पुन्हा एकदा स्वतःच्या नावावर घेतला होता, पोथीच्या दिवशी घेतला तसाच. तरी मी वाचन रेटून नेलं. खाली अजून एक ओळ होती, तीनच शब्दांची. तिचा पहिला शब्द मी पाहिला आणि मला पुढे वाचता येईना. तो मला सहा वर्षं मावशी म्हणत होता. मी त्याला कधी दुसरं काही म्हण असं सांगितलं नव्हतं, आणि पुढेही तोंडाने तो मला मावशीच म्हणत राहिला.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. "पुढे काय लिहिलंय?"

मी मान हलवली. मुलाने माझ्या हातातून कागद घेतला, ओळीवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं एकेक अक्षर लावत, सावकाश वाचलं.

"आई वाट बघते."

एकही अक्षर चुकलं नाही.